लक्ष वेधण्याआधी

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी माहेरी पोचले, तेव्हा गोठ्यात खांदेमळणी चालली होती. वर्षभर जू ओढलेल्या खांद्यांना दादा हळद-लोणी चोळत होता. दुसऱ्या दिवशी बैल ओढ्यावर धुऊन आणले आणि शिंगं रंगवायला त्याने ऑइलपेंटचा इवलासा डबा उघडला. सहा वर्षांचा भाचा शेजारी उकिडवा बसला होता. त्याने विचारलं, ‘‘बाबा, बैलाला त्याची शिंगं दिसतात का?’’

दादाचा ब्रश थांबला. ‘‘नसतील दिसत नीट.’’

‘‘मग रंग कुणासाठी?’’

मी वीस-बावीस वर्षं जाहिराती लिहिते आहे. ‘कुणासाठी?’ हा प्रश्न इतक्या सरळपणे विचारलेला मी एकाही बैठकीत ऐकलेला नाही. तिथे आम्ही ‘टार्गेट’ म्हणतो. मराठीत सादरीकरण असेल तर ‘लक्ष्यगट’. लक्ष्य म्हटलं की धनुष्यबाण आला, नेम आला आणि समोरचा माणूस नुसता वेध घेण्यापुरता उरला. शेजारचा ‘लक्ष’ हा शब्द मात्र किती वेगळा! लक्ष वेधता येतं, तसंच लक्ष देताही येतं. आमचा सगळा धंदा वेधण्यावर उभा आहे. मूल आधी लक्ष देतं. त्याचं कुतूहल म्हणजे दुसरं काय?

दादाच्या हातातल्या त्या छोट्या डब्याचीही एक गोष्ट आहे. 1942 साली, युद्धामुळे रंगांची आयात अडलेली असताना, मुंबईत गिरगावातल्या एका गॅरेजात चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. शहरातल्या दुकानांवर मोठ्या परदेशी कंपन्यांची पकड होती, म्हणून ही मंडळी गावांकडे वळली. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायला शेतकऱ्याला थोडासाच रंग हवा असतो, हे तिथे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी छोटे डबे विकायला काढले, असं व्यापारात आजही सांगितलं जातं. एवढासा रंग घेऊन हा माणूस करतो काय, असं कुणाला तरी मनापासून वाटलं असणार. मोठ्या गिऱ्हाइकांचा हिशेब मांडणाऱ्याला ते दिसलंच नसतं.

त्याच कंपनीसाठी 1954 साली आर. के. लक्ष्मण यांनी गट्टू काढला. हातात रंगाचा डबा आणि ब्रश, कपाळावर केसांची झुलपी, चेहऱ्यावर खोडी. रंग निवडायचं काम तोवर रंगाऱ्यावर सोडलेलं असे. गट्टूमुळे ते घरातल्या माणसांच्या हौशीचं झालं. भिंतीवर रेघोट्या मारल्याबद्दल आपण सगळ्यांनीच लहानपणी धपाटे खाल्लेत. हा पोरगा तेच राजरोस करत होता.

1990च्या दशकातली धारा तेलाची जाहिरात आठवून बघा. रुसलेला चिमुरडा घर सोडून निघतो, रेल्वे स्टेशन गाठतो. तिथे रामूकाका भेटतात आणि घरी आईने जिलेबी केल्याचं सांगतात. त्या एका शब्दासरशी पोराचा चेहरा उजळतो. तेलाचं गुणगान जवळजवळ नाहीच. सहा वर्षांच्या माणसाचा राग त्याला आभाळाएवढा वाटतो, हे ज्याला स्वतःच्या लहानपणातून आठवत होतं, त्यालाच ते सुचू शकलं.

मात्र मुलाकडून शिकणं आणि मुलाला गळाला लावणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पोराला हट्टाला पेटवायचं आणि आई-बापाच्या खिशात हात घालायचा, हा सोपा मार्ग आमच्या धंद्याने पुष्कळ वापरला. मुलांच्या अननुभवाचा आणि भोळेपणाचा फायदा उठवणाऱ्या जाहिरातींना 2022 सालच्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली, ते फार बरं झालं. मुलाचं कुतूहल ही त्याची ठेव आहे. तिला हात लावायचा आपल्याला अधिकार नाही.

आपलं स्वतःचं कुतूहल तेवढं आपण जागं करू शकतो. मध्यंतरी चहाच्या पुड्याचा मजकूर लिहायचा होता, म्हणून अर्धा दिवस एका किराणा दुकानात नुसती बसून राहिले. एका आजींनी सीलबंद पुडा उचलला, नाकाशी धरला, दाबला, पुन्हा हुंगला. प्लास्टिकमधून वास येणार नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी हात नाकाकडे गेला, कारण सुट्ट्या चहाच्या दिवसांत त्या तसाच चहा निवडत आल्या होत्या. मी विचारल्यावर लाजून हसल्या आणि मग सासरी केलेल्या पहिल्या चहाची गोष्ट सांगत बसल्या. महिनाभर कागदांत शोधत होते ते मला तिथे सापडलं. त्यासाठी गप्प बसावं लागलं आणि खरं उत्तर हवं असल्यासारखं विचारावं लागलं. मोठ्यांना ही दोन्ही कामं जड जातात.

पोळ्याच्या त्या सकाळी दादाने भाच्याला सांगितलं, ‘‘त्याला दिसत नसलं तरी आज सगळं गाव त्याच्याकडे बघतं, ते त्याला कळतं.’’ पोराचं समाधान झालं नाही. तो घरात पळाला आणि दादाचा दाढीचा आरसा घेऊन आला. टाचा उंचावून दोन्ही हातांनी त्याने तो बैलासमोर धरला. बैलाने मान पुढे करून हुंगलं, काच श्वासाने धुरकटली. पोराने ती सदऱ्याच्या बाहीने पुसली आणि पुन्हा समोर धरली.