खसबचे गलबत आणि घरची बोली

आखातात नोकरीला असलेल्या भावाकडे किंवा लेकाकडे सुटीत जाऊन येणारी कुटुंबे आपल्यात पुष्कळ आहेत. उंच इमारती, मॉल, सोन्याचा बाजार पाहून ती परततात. पुढच्या खेपेला एक दिवस मुसंदमसाठी राखून ठेवा, असे आम्ही सुचवतो.

मुसंदम हा ओमानचा उत्तरेकडचा तुकडा. मधे अमिरातीची जमीन असल्यामुळे तो बाकीच्या ओमानपासून वेगळा पडला आहे. दुबईहून रास अल खैमामार्गे मोटारीने खसब गाव गाठता येते. सरहद्द ओलांडावी लागते, म्हणून परतीच्या व्हिसाची चौकशी आधीच करावी. खसबच्या बंदरातून लाकडी गलबते सैलानींना घेऊन निघतात. खाली गालिचे, टेकायला लोड, सोबत चहा, कहवा आणि खजूर. शिडे आता गेली, इंजिने आली. ऑक्टोबर ते एप्रिल हा चांगला मोसम; उन्हाळ्यात जाऊ नये.

गलबत ‘खोर शाम’मध्ये शिरते. खोर म्हणजे डोंगरांच्या कुशीत घुसलेली समुद्राची चिंचोळी वाट. नॉर्वेतल्या अशा वाटा हिमनद्यांनी कोरल्या. इथे मात्र भूगर्भातल्या हालचालींमुळे जमीनच खचत गेली आणि दऱ्यांत समुद्र भरला. दोन्ही बाजूंना चुनखडीचे उघडे कडे आणि मधे तळ्यासारखे शांत पाणी. गलबताबरोबर डॉल्फिन धावतात, मुले खूश होतात.

आत एक लहानसे बेट आहे. 1864 साली हिंदुस्थान आणि इंग्लंड जोडणारी तार समुद्रातून इथवर आणली गेली आणि या बेटावर तारघर झाले. ती केबल वाहणारी जहाजे आधी मुंबईला आली होती. काही वर्षांतच ठाणे उठले. आता पडक्या भिंतींचे अवशेष उरले आहेत.

काठावर चार-दोन घरांची गावे दिसतात. त्यांना रस्ता नाही, पिण्याचे पाणीही होडीने येते. याच मुलुखाच्या उत्तर टोकाला कुमझार गाव आहे. तिथेही होडीनेच जावे लागते. तिथले लोक घरात कुमझारी बोलतात. ही भाषा इराणी कुळातली, पण अरबी शब्दांनी भरलेली. तिला लिहिण्याची परंपरा नाही, शाळा अरबीत चालते. म्हणून भाषातज्ज्ञ तिला धोक्यातली भाषा मानतात. घरात बोलणे थांबले, तर तिला दुसरा आसरा नाही.

ही गोष्ट आपल्याही घरची आहे. कोकणातल्या आपल्या आजी-नानी जी बोली बोलतात, तिचे पाठ्यपुस्तक नाही. शाळेत मराठी किंवा उर्दू, मोबाइलवर हिंदी-इंग्रजी. ‘मुलाची भाषा बिघडेल’ म्हणून कित्येक पालक घरातली बोली बंद करतात. आम्हा शिक्षकांचा अनुभव उलटा आहे. घरात भरपूर बोलणारे मूल शाळेची भाषाही लवकर उचलते. मुके होते ते बोलण्यावरून टोकलेले मूल.

तेव्हा मुसंदमला जा अथवा न जा, रात्रीच्या जेवणाला एवढे करा: नानीला तिच्या बोलीत एक किस्सा सांगू द्या, आणि मुलांना त्याच बोलीत उत्तर देऊ द्या. चुकले तर हसू नका.