मोजमाप बरोबर, निष्कर्ष चूक!

रक्तदाब म्हटला की आपल्याला हृदय आठवते. पंपाचा जोर वाढला की नळीतला दाब वाढतो, हे झाले पदार्थविज्ञान. मी तेच शिकवतो. पण एवढी समजूत पुरेशी नाही, आणि अपुऱ्या समजुतीची किंमत फार मोठी असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

हॅरी गोल्डब्लाट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने कुत्र्यांच्या मूत्रपिंडाकडे जाणारी रोहिणी चिमट्याने अरुंद केली. हृदयाला हातही लावला नाही. तरी साऱ्या शरीराचा रक्तदाब चढला! असे का व्हावे?

मूत्रपिंडातील काही पेशी तेथे येणाऱ्या रक्ताचा दाब सतत अजमावत असतात. तो कमी झाला की त्या रेनिन नावाचे विकर रक्तात सोडतात. रेनिन यकृतातून आलेल्या एका प्रथिनाचा तुकडा पाडते आणि त्यापासून पुढे अँजिओटेन्सिन-२ हा निरोप्या तयार होतो. रक्तवाहिनीच्या भिंतीतील स्नायुपेशींवर त्याला ओळखणारे ग्राही असतात. कुलपात किल्ली बसावी तसा तो त्यांत बसतो. पेशीच्या आत कॅल्शियम वाढते, पेशी आखडते, वाहिनी अरुंद होते. आता आमचे गणित पाहा: नळीची त्रिज्या १० टक्क्यांनी घटली, तर प्रवाहाला होणारा रोध सुमारे दीडपट होतो!

चिमट्यापलीकडे दाब खरोखरच कमी होता. मोजमाप बरोबर होते. पण मूत्रपिंडाने ते साऱ्या शरीराचे मानले. रोगट मूत्रपिंडातूनही असा चुकीचा निरोप जाऊ शकतो. मग वाढलेला दाब मूत्रपिंडातील सूक्ष्म वाहिन्यांनाच इजा करतो आणि दुष्टचक्र सुरू होते.

ते रोखता येते. अँजिओटेन्सिन-२ तयार होण्यास अटकाव करणारे कॅप्टोप्रिल हे औषध ब्राझीलमधील एका सापाच्या विषाच्या अभ्यासातून निघाले आणि १९८१ साली अमेरिकेत वापरात आले.

माझ्या थोरल्या बंधूंनी मात्र "मला काही होत नाही" म्हणून गोळ्या परस्पर सोडल्या. दुखत काहीच नव्हते. मूत्रपिंडे निकामी झाली तेव्हा चूक कळली. निष्कर्ष त्यांचाही चुकलाच. शिवाय त्यांनी मोजमापही केले नव्हते.

ताप हाताला लागतो, दाब लागत नाही. त्याला मापकच हवा. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा, "रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता?"