वेगवान गाडीची मालकी आणि दुरुस्तीचा अधिकार

दुसऱ्याने वापरलेली, परंतु वेगासाठी घडविलेली मोटारगाडी विकत घेणाऱ्या मनुष्याकडे आपल्या समाजात अद्याप संशयानेच पाहिले जाते. आणि बीडसारख्या जिल्ह्यात, जिथे पर्जन्याची शाश्वती नाही व जिथल्या असंख्य कुटुंबांना दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी घरदार सोडून परमुलखात जावे लागते, तिथे अशा गाडीचा विषय काढणे हाच अविचार मानला गेल्यास त्यात नवल नाही. तथापि या गाडीच्या निमित्ताने जो प्रश्न उभा राहतो तो हौसेच्या मर्यादेत मावणारा नाही. रोख पैसे मोजून घेतलेल्या यंत्रावर मालकाची सत्ता नेमकी कुठवर चालते, हा तो प्रश्न आहे, आणि तो ट्रॅक्टरच्या व ऊसतोडणी यंत्राच्या मालकालाही तितकाच भेडसावणारा आहे. माझे मत आरंभीच नमूद करतो: यंत्र विकणाऱ्याने त्या यंत्राच्या दुरुस्तीचे ज्ञान आणि त्यासाठी लागणारी साधने रास्त किमतीत सर्वांस उपलब्ध करून दिली पाहिजेत, आणि ही गोष्ट त्याच्या मर्जीवर न सोडता कायद्याने बंधनकारक केली पाहिजे.

वेगवान गाडी म्हटली की इटलीतील वा जर्मनीतील कोट्यवधी रुपयांची वाहने डोळ्यांसमोर येतात. परंतु मराठवाड्यातील एखाद्या शिक्षकाच्या, व्यापाऱ्याच्या किंवा बागायतदाराच्या आवाक्यात वापरलेल्या स्थितीत ज्या गाड्या येतात, त्या बहुतांशी आपल्याच राज्यात जन्मलेल्या आहेत. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरील रांजणगावच्या कारखान्यात तयार झालेली आणि 2015 च्या ऑक्टोबरात 9 लाख 95 हजार रुपये किमतीस बाजारात आलेली अबार्थ पुंटो ही त्यांपैकी एक. कार्लो अबार्थ नावाच्या यंत्रज्ञाने 1949 साली स्थापन केलेल्या, आणि त्याच्या जन्मराशीवरून विंचवाचे चिन्ह धारण करणाऱ्या त्या इटालियन नाममुद्रेचा वारसा सांगणारी ही लहानशी गाडी 1.4 लिटरच्या टर्बो इंजिनातून 145 अश्वशक्ती निर्माण करी. दुसरी, चाकणच्या कारखान्यातून 2013 साली आलेली फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय. तिचे इंजिन अवघे 1.2 लिटरचे, शक्ती 105 अश्वशक्तीची, आणि जोडीला दोन क्लचांचा सात गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स. 2020 च्या एप्रिलात प्रदूषणाची नवी मानके लागू होईपर्यंत फियाटच्या गाड्या येथील बाजारातून नाहीशा झाल्या, आणि 2022 साली पोलोचेही उत्पादन थांबले. गाड्या मात्र रस्त्यावर आहेत, पुढेही राहतील, आणि त्यांची देखभाल कोणी व कशी करावयाची, हा भार संपूर्णपणे मालकाच्या शिरावर येऊन पडला आहे.

या भाराचे स्वरूप समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे ज्या फियाट गाड्या बाहेर पडल्या, त्यांनी महाराष्ट्रात मिस्त्रींची एक संपूर्ण पिढी घडविली. कार्बोरेटर खोलून साफ करणे, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट घासून त्यांतील अंतर नेमके साधणे, प्लगच्या टोकावरील काजळीच्या रंगावरून पेट्रोल आणि हवा यांचे प्रमाण ओळखणे, ही विद्या कोणत्याही विद्यापीठाने शिकविली नाही. ती उस्तादाच्या हाताखाली पाने उचलता उचलता शिष्याच्या हातात उतरली. बीड शहराला रेल्वे पाहावयास 2025 च्या सप्टेंबरची 17 तारीख उजाडावी लागली. तोवर या शहराचा सारा व्यवहार रस्त्यावरून चालला, आणि म्हणून येथे मिस्त्री हा लोकजीवनाचा आधार होता. त्या जुन्या फियाटचे यंत्र कोणत्याही कुशल हातास आपले अंतरंग दाखविण्यास कधी नाकारीत नसे. त्याच्या दुरुस्तीला कंपनीच्या परवानगीची गरज नव्हती.

आजच्या गाडीने मात्र आपली परिभाषा बदलली आहे. इंजिनात किती इंधन सोडावे, ठिणगी कोणत्या क्षणी पाडावी, टर्बोने हवा किती दाबावी, याचा निर्णय आता गाडीतील संगणक घेतो, आणि बिघाड झाल्यास तोच आपल्या स्मृतीत एक सांकेतिक क्रमांक नोंदवून ठेवतो. निदानासाठी स्टिअरिंगखाली बसविलेल्या प्रमाणित सॉकेटला स्वस्तातला स्कॅनर जोडून असे सर्वसाधारण कोड कोणीही वाचू शकतो, आणि ही सोय निःसंशय उपकारक आहे. परंतु तिची धाव तेवढ्यापुरतीच. नवी किल्ली गाडीस ओळखू लागावी, गिअरबॉक्सचे घटक बदलल्यावर त्यांची मूळ जुळवणी करावी, एखादा नवा सेन्सर संगणकाने स्वीकारावा, या गोष्टींसाठी उत्पादकाचीच प्रणाली लागते. आणि तिच्या दारावर पहारा आहे. घराचे खरेदीखत करून द्यावे आणि आतल्या खोल्यांच्या किल्ल्या मात्र विकणाऱ्याने आपल्यापाशीच ठेवाव्यात, असा हा व्यवहार आहे.

स्वतःच्या अनुभवातील एक प्रसंग येथे सांगणे अस्थानी होणार नाही, कारण निदानाचे ज्ञान आणि सुटा भाग बदलण्याची सवय यांतील अंतर त्यातून दिसते. माझ्या वापरातील अशाच एका टर्बो गाडीला मांजरसुंब्याचा घाट चढताना पिकअप मिळेनासा झाला. सपाटीवर संथ चालताना तिच्यात काहीही वैगुण्य जाणवत नसे, पण चढावर पाय दाबताच ती हताश झाल्यासारखी मंदावे. स्कॅनरने पी 0299 हा कोड दाखविला. त्याचा अर्थ इतकाच की, संगणकाने मागितलेला हवेचा दाब प्रत्यक्षात मिळत नाही. परगावच्या एका मोठ्या कार्यशाळेने तेवढ्या आधारावर संपूर्ण टर्बो बदलण्याचा सल्ला दिला आणि खर्चाचा अंदाज असा सांगितला की, त्यात एक बरी जुनी मोटारसायकल यावी. बीडच्या मिस्त्रीने मात्र कोड हे लक्षण आहे, कारण नव्हे, हे जाणून पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर मागवून घेतला, हवेच्या मार्गाचे तोंड बंद करून त्यात बेताचा दाब भरला, आणि एकेका रबरी पाइपावर साबणाचे पाणी सोडीत गेला. इंटरकूलरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपाच्या बाकात, क्लॅम्पच्या आड, फेसाचे बुडबुडे उठले. बाक सैल असताना मिटलेली आणि दाब चढताच उघडणारी ती चीर कोणत्याही संगणकाने दाखविली नसती. एक पाइप आणि दोन क्लॅम्प एवढ्यावर काम झाले; टर्बो आजही मूळचाच आहे.

या मिस्त्रीची बुद्धी कोणत्याही नामांकित कार्यशाळेतील तंत्रज्ञाहून उणी नाही. उणीव आहे ती त्याला मिळणाऱ्या माहितीत. पोलोच्या गिअरबॉक्सचेच उदाहरण घ्या. त्यातील दोन्ही क्लच कोरडे, म्हणजे तेलात न बुडालेले. त्यामुळे कोंडलेल्या रहदारीत गाडी इंच-इंच पुढे सरकविताना ते तापतात, आणि त्यांच्या हालचालींचे नियंत्रण करणारा मेकॅट्रॉनिक नावाचा भाग हा त्या रचनेतील नाजूक अवयव ठरला आहे. 2013 साली चीनमध्ये याच जातीच्या गिअरबॉक्सपायी लक्षावधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि त्याच वर्षी, उष्ण व दमट हवामानात कृत्रिम तेलामुळे विद्युत् बिघाड संभवतो म्हणून, जगभरातील सुमारे 16 लाख गाड्यांत ते काढून खनिज तेल घालण्याची मोहीम खुद्द कंपनीने जाहीर केली. बीडच्या वैशाखातील ऊन ज्याने सोसले आहे त्याला उष्णतेचा मुद्दा निराळा समजावून सांगण्याचे कारण नाही. अशा गाडीचा दुसरा वा तिसरा मालक जेव्हा गिअर बदलताना बसणाऱ्या धक्क्याची तक्रार घेऊन गल्लीतल्या गॅरेजात येतो, तेव्हा त्या मिस्त्रीजवळ तेलाचा नेमका तपशील आणि जुळवणीची पद्धत असेल, तर गाडी वाचते. नसेल, तर अंदाजपंचे काम होते आणि दोष मिस्त्रीच्या माथी बसतो.

या अन्यायाची दखल आपल्या देशात घेतली गेलेली नाही असे नाही. 2011 च्या जानेवारीत भारतीय स्पर्धा आयोगापुढे एक तक्रार दाखल झाली, आणि ज्या तीन कंपन्यांविरुद्ध ती प्रथम होती, त्यांत फियाट आणि फोक्सवॅगन या दोन्हींचा समावेश होता. चौकशीची व्याप्ती पुढे वाढली, आणि 25 ऑगस्ट 2014 रोजी आयोगाने 14 मोटार उत्पादकांना एकूण 2,544 कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. मूळ सुटे भाग, निदानाची साधने आणि तांत्रिक पुस्तिका स्वतंत्र कारागिरांना मिळू न देणे हा स्पर्धेचा भंग आहे, असा त्या हुकमाचा आशय होता. प्रकरण अपिलांत गेले. 2022 च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे व मोटारी ही चार क्षेत्रे तिच्या कक्षेत घेतली. त्याच वर्षअखेर एक पोर्टलही सुरू झाले. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु पोर्टल म्हणजे अधिनियम नव्हे, आणि ज्या हक्काचा भंग झाल्यास दाद मागण्याची निश्चित तरतूद नाही, तो हक्क दुबळाच राहतो.

उत्पादकांचे आक्षेप मी गंभीरपणे विचारात घेतो. ब्रेक आणि एअरबॅग यांसारख्या जीविताशी निगडित यंत्रणा अप्रशिक्षित हातांत जाऊ नयेत, किल्ल्यांची गुपिते चोरांच्या हाती लागू नयेत, आणि संशोधनावर केलेला खर्च वाया जाऊ नये, ही त्यांची कैफियत निराधार नाही. परंतु युरोपीय संघाने 2007 च्या नियमावलीनेच स्वतंत्र कारागिरांना दुरुस्तीची माहिती देणे उत्पादकांवर बंधनकारक केले, आणि ऑस्ट्रेलियात 1 जुलै 2022 पासून लागू झालेल्या कायद्याने, सुरक्षाविषयक माहिती मागणाऱ्याच्या लायकीची पडताळणी करून ती रास्त दराने देण्याची व्यवस्था लावून दिली. म्हणजे गुपिताचे रक्षण आणि ज्ञानाचे वितरण या दोन्ही गोष्टी एकत्र साधता येतात. शिवाय माहिती दडविल्याने दुरुस्ती थांबत नाही, ती फक्त आंधळेपणाने होते. आणि 145 अश्वशक्तीच्या गाडीची आंधळी दुरुस्ती चालकाइतकीच रस्त्याने चालणाऱ्या निरपराध माणसालाही घातक आहे.

हक्काची मागणी करणाऱ्याने आपली कर्तव्येही ओळखली पाहिजेत. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 50 अन्वये, राज्यांतर्गत विक्री झाल्यास विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत हस्तांतराची खबर परिवहन कार्यालयास द्यावयाची असते. या बाबतीत केलेली हयगय किती महाग पडते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने स्पष्ट केले आहे: अपघाताच्या भरपाईसाठी, ज्याचे नाव नोंदणी दफ्तरी आहे, तोच मालक समजला जातो, मग गाडी कितीही हातांतून फिरलेली असो. कर्जाचा बोजा उतरला आहे काय, चासी क्रमांक दस्तऐवजाशी जुळतो काय, विम्याची मुदत आणि थकीत दंड यांची स्थिती काय, हे पाहिल्यावाचून बयाणा देऊ नये. यंत्राच्या बाबतीत किलोमीटरच्या आकड्यापेक्षा देखभालीच्या नोंदवहीस अधिक महत्त्व द्यावे; कारण टायमिंग बेल्टचे रबर गाडी उभी असतानाही वयाने जीर्ण होते, आणि तो तुटल्यास अनेक इंजिनांत झडपा व पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिनाचा नाश होतो. टर्बो गाडी जोराने पळविल्यावर तत्क्षणी बंद न करता थोडा वेळ संथ चालू ठेवावी, म्हणजे तापलेल्या बेअरिंगमधील तेल जळत नाही. आणि आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असल्यामुळे, ज्यासाठीचा ऊस आपल्याच जिल्ह्यातील मजुरांनी तोडलेला असण्याचा संभव आहे, जुन्या गाडीचे रबरी पाइप व सील वेळोवेळी तपासावेत. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत जुने पेट्रोल साठवून ठेवू नये.

यांत्रिक वस्तू दीर्घकाळ टिकविणे हा एक सामाजिक सद्गुण आहे. जी गाडी घडविताना पोलाद, श्रम आणि बुद्धी खर्ची पडली, ती एका अनुपलब्ध पुस्तिकेपायी किंवा एका बंद प्रणालीपायी भंगारात जावी, हे दुष्काळाशी झगडणाऱ्या आणि प्रत्येक वस्तूचा पुरता उपयोग करून घेणाऱ्या या जिल्ह्याच्या संस्कृतीस शोभणारे नाही. म्हणून केंद्र शासनास माझी विनंती आहे की, दुरुस्तीच्या हक्काचा स्वतंत्र अधिनियम त्वरित करावा. उत्पादन थांबल्यानंतरही ठरावीक मुदतीपर्यंत सुटे भाग, तांत्रिक पुस्तिका आणि निदानाची साधने रास्त दराने पुरविण्याचे बंधन उत्पादकावर घालावे. आणि त्या मुदतीनंतर ती माहिती सर्वांस खुली करावी. राज्य शासनाने जिल्ह्याजिल्ह्यांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ही साधने ठेवून, काम करीत असलेल्या मिस्त्रींसाठी सायंकाळचे वर्ग उघडावेत. आणि वाचकांना एवढेच सांगणे आहे की, वापरलेली गाडी घेताना विकणाऱ्याकडून देखभालीच्या नोंदी लेखी मागा, आपल्या मिस्त्रीच्या निदानाचा मोबदला सुट्या भागाच्या किमतीपासून वेगळा आणि सन्मानाने द्या, आणि या कायद्याची मागणी आपल्या लोकप्रतिनिधीकडे नेटाने करा.