दोन औषधांची एक गोळी

उच्च रक्तदाबाच्या बहुसंख्य रोग्यांचे एका औषधाने भागत नाही, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला नवी नाही. तीव्र रक्तदाबावर उपचार केल्याने गंभीर आघात टळतात, हे अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील ज्या चाचणीने १९६७ साली दाखवून दिले, तीत तीन औषधे एकत्रच दिली होती. त्यांपैकी रेसर्पिन हे आपल्या सर्पगंधेच्या मुळीतले. आणि त्या मुळीचा गुण १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी जगापुढे मांडला होता. याचा विसर आपल्यालाच अधिक पडला आहे.

कारण साधे आहे. रक्तदाब वाढविणाऱ्या वाटा शरीरात अनेक असतात. एक अडविली तरी दुसरी मोकळी राहते. एकाच औषधाची मात्रा दुप्पट केल्याने लाभ थोडाच वाढतो, त्रास मात्र वाढू शकतो. ॲम्लोडिपिनने पायांवर येणारी सूज टेल्मिसार्टनच्या जोडीने कमी होते. (गरोदर स्त्रीला टेल्मिसार्टन वर्ज्य; तेव्हा वैद्याचा विवेक हवाच.) २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत सुमारे दोन हजार रोग्यांना दोन औषधांची संयुक्त गोळी दिली गेली आणि जवळजवळ ७० टक्क्यांचा दाब १४०/९० च्या खाली आला. जागतिक आरोग्य संघटनेने अशा गोळ्या २०१९ मध्येच अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतल्या आहेत.

अडते ते अर्थकारणापाशी. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने कमाल किंमत बांधली जाते ती राष्ट्रीय यादीतील औषधांची. आणि तीही उत्पादनखर्चावरून नव्हे, तर बाजारातील किमतींच्या सरासरीवरून! ज्याला लगाम घालायचा त्याच्याच चालीने लगामाची लांबी ठरवावी, असा हा प्रकार. २०२२ च्या यादीत ॲम्लोडिपिन आहे, टेल्मिसार्टनही आहे. परंतु दोन्ही एका गोळीत आली आणि ते मिश्रण यादीत स्वतंत्रपणे नोंदलेले नसले, की ती गोळी कमाल किमतीच्या कक्षेबाहेर जाते व तिची किंमत वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढविण्याची मुभा उत्पादकाला मिळते. २०१८ मध्ये शासनाने ३२८ निराधार मिश्रणांवर बंदी घातली, ते योग्यच झाले. पण शास्त्राला मान्य असलेले मिश्रण स्वस्त करणे हेही शासनाचेच काम आहे.

रक्तदाब दुखत नाही. म्हणूनच महिनाअखेर पैसे अपुरे पडले की मजुराच्या घरात प्रथम तीच गोळी बंद होते. पुढे पक्षाघात होतो, मिळवता हात जातो, आणि उपचारांचे कर्ज मुलाच्या शिक्षणावर येते. हा खर्च कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही.

औषधे व्यापारी नावांऐवजी मूळ नावांनी विकली जावीत, अशी शिफारस हाथी समितीने १९७५ मध्येच केली होती. त्याच मार्गाने शासनाने ही संयुक्त गोळी मूळ नावाने घाऊक खरेदी करावी, मिश्रणाची किंमत बांधावी आणि प्रत्येक उपकेंद्रावर ३० दिवसांचा साठा रोग्याच्या हाती एकदम द्यावा. दर आठवड्याला गोळ्यांसाठी रोज बुडविणे शेतमजूर बाईला परवडत नाही.