धोरणातून निसटलेले तापमान

गेल्या जूनमध्ये दिल्लीतील एका दुकानातून मी नाशिकच्या लाल वाइनची बाटली घेतली. बाहेर पारा चव्वेचाळिसावर होता आणि बाटल्या दर्शनी काचेलगत उन्हात उभ्या होत्या. घरी उघडल्यावर फळाचा गंध आला नाही, चव शिळ्या मुरंब्यासारखी लागली. पाहुण्यांनी दोष नाशिकला दिला. तो खरे तर उन्हाचा होता, आणि थोडा आम्हा प्रशासकांचाही.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीने मद्य हा विषय राज्यांकडे सोपवला, तर अनुच्छेद 47 ने दारूबंदीचे उद्दिष्ट समोर ठेवले. एका हाताने महसूल घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने नाक धरायचे, ही वृत्ती त्याहून जुनी आहे. 1605 मध्ये गादीवर येताच जहांगीराने मद्यनिर्मितीला मनाई केली, आणि स्वतःच्या मद्यपानाची कबुलीही आपल्या आठवणींत दिली. या ओढाताणीत आपली यंत्रणा करवसुली आणि चोरी रोखणे यांत तरबेज झाली; मालाच्या गुणवत्तेकडे तिचे लक्ष क्वचितच गेले. व्हिस्कीत मद्यार्क चाळीस टक्क्यांहून अधिक असतो, ती उन्हाळा सोसते. वाइनमध्ये तो साधारण 12 ते 14 टक्के असतो. ती प्रकृतीने नाशवंत शेतमालाच्या जवळची आहे, कागदोपत्री मात्र केवळ दारू.

17 नोव्हेंबर 2021 रोजी लागू झालेल्या दिल्लीच्या धोरणात 32 विभागांत 849 दुकानांची योजना होती. ती वातानुकूलित असावीत आणि ग्राहकाने आत जाऊन निवड करावी, अशी अपेक्षा होती. परवाने देण्याच्या पद्धतीवर गंभीर आरोप झाले, धोरण मागे घेतले गेले आणि 1 सप्टेंबर 2022 पासून विक्री पुन्हा चार सरकारी महामंडळांकडे आली. आरोपांची चौकशी आवश्यकच होती. पण त्या गदारोळात साठवणुकीचा मुद्दाही वाहून गेला. त्याच वर्षी 27 जानेवारीला महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइनविक्रीस मान्यता दिली. वाद नीती विरुद्ध शेतकरी असा रंगला आणि निर्णय अमलात आला नाही. त्या फळीचे तापमान किती असावे, हे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

धोरण सुधारेपर्यंत ग्राहकाने स्वतःच दक्ष राहावे. काचेतली किंवा दिव्याखालची बाटली घेऊ नये. पांढरी वाइन शक्यतो अलीकडच्या हंगामाची घ्यावी. बूच वर सरकले असेल किंवा गळ्याशी ओघळ दिसत असेल, तर बाटली तापली आहे असे समजावे. साठवणुकीस 12 ते 15 अंश उत्तम. नैसर्गिक बुचाची बाटली आडवी ठेवावी; फिरकीच्या झाकणाची उभी चालते. माळ्यावर किंवा स्वयंपाकघरात ठेवण्यापेक्षा काही आठवडे घरचा फ्रिज बरा. लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी, हा सल्ला युरोपातील थंड घरांचा आहे. दिल्लीत ती अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून 16 ते 18 अंशांना द्यावी, पांढरी 8 ते 12 अंशांना. उघडलेली बाटली झाकून फ्रिजमध्ये ठेवावी आणि दोन-तीन दिवसांत संपवावी.

शासनाने परवान्यात तीनच अटी घालाव्यात: गोदाम व दुकानात वाइनसाठी कमाल 25 अंशांची मर्यादा, तपासणीत तापमानाची नोंद आणि बिघडलेली बाटली परत घेण्याचे बंधन. 29 डिसेंबर 2022 पासून ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारान्वये तेथील ठरावीक किमतीवरील वाइनचे आयातशुल्क 150 टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने उतरत आहे. नाशिकच्या बागायतदाराला या स्पर्धेत संरक्षण हवे की नाही, यावर मतभेद असू शकतात. त्याचा माल ग्राहकाच्या पेल्यापर्यंत धड पोहोचावा, यावर नसावेत.