पिंगळा आणि रानपिंगळा
वाड्याच्या वळचणीस राहणारा पिंगळा पेठांना परिचित आहे. त्याच्या जातीस आज धोका नाही. त्याचाच भाऊबंद रानपिंगळा १८८४ नंतर शतकभर अभ्यासकांस गवसला नाही. १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी तो पुन्हा सापडला. पिंगळ्याचे डोके ठिपक्यांनी भरलेले, याचे जवळजवळ कोरे. शिवाय हा दिवसाढवळ्या शिकार करतो. रान तुटले की त्यास वळचणीचा आसरा नाही, म्हणून तो संकटग्रस्त. दीपावलीत धनलाभाच्या भ्रमापायी घुबडे पकडणारा मात्र हा भेद पाहत नाही. निर्वाणकल्याणकास लाडू अर्पण करणाऱ्या घरी वहीपूजनासाठी कोणी घुबडाचे नख आणलेच, तर ते नाकारून थांबू नये; वनखात्यास कळवावे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण दोघांनाही आहे.