टक्के कमी भरले म्हणून हक्क संपत नाहीत

दिव्यांग तपासणीच्या दिवशी सेनगाव, कळमनुरी, औंढ्याकडची माणसे पहाटेच घर सोडून हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात येतात. तपासणी झाली की बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, ‘साहेब, टक्के किती बसले?’ आकडा चाळीसच्या खाली राहिला की आता आपल्याला काहीच मिळणार नाही, असे समजून माणूस परत जातो. हा समज चुकीचा आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सरकारी नोकरीतील 4 टक्के आरक्षण किंवा उच्च शिक्षणातील 5 टक्के राखीव जागा यांसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागते. मात्र समान वागणूक, भेदभावापासून संरक्षण आणि गरजेनुसार वाजवी सोय हे हक्क प्रत्येक दिव्यांग व्यक्तीचे आहेत. त्यांना 40 टक्क्यांची अट नाही. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारला गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी हेच स्पष्ट केले.

यामागे वैद्यकीय कारणही आहे. टक्केवारी सांध्याची हालचाल, स्नायूंची ताकद, दृष्टी, श्रवण मोजते. जगण्यातली अडचण मोजत नाही. पोलिओने एक पाय अधू झालेला शिक्षक वर्गात उत्तम शिकवू शकतो. तेवढेच टक्के असलेल्या, हळद काढणीला जाणाऱ्या मजुराची रोजीच बुडते. भारताने 2007 मध्ये स्वीकारलेला संयुक्त राष्ट्रांचा करारही सांगतो, की दिव्यांगत्व हे शरीरातील उणीव आणि भोवतीचे अडथळे यांच्या एकत्र परिणामातून घडते. उणीव प्रत्येक वेळी बरी करता येत नाही, अडथळा मात्र हटवता येतो.

त्याला फार पैसाही लागत नाही. शाळेने वर्ग तळमजल्यावर भरवावा, बँकेने पायरीला उतार करावा, कार्यालयाने बसून करता येईल असे काम द्यावे. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत. ग्रामसभेत त्याचा हिशेब विचारावा.

कमी टक्क्यांचे प्रमाणपत्र फेकून देऊ नका. सोय लेखी मागा. नाकारली तर पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. आणि आम्ही डॉक्टरांनीही नुसता आकडा सांगून थांबू नये. त्या आकड्याने काय मिळते आणि त्याच्याशिवायही काय मिळते, हे समोरच्याला सांगणे तपासणीचाच भाग आहे.